वायरलेस कम्युनिकेशनची लॅब: सोलापुरातल्या ज्युनिअर्ससाठी पहिल्या प्रॅक्टिकलपासून ओरलपर्यंत

वायरलेसची लॅब सुरू झाली की वर्गाच्या ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला: "गेल्या वर्षीचं जर्नल कुणाकडं हाय बे?" जर्नल मिळतं, रीडिंग उतरवली जातात, सह्याही होतात. मग ओरलला एक्स्टर्नल (बाहेरून आलेले परीक्षक) एका आकड्यावर बोट ठेवतात आणि विचारतात, "हे मायनस अठ्ठावन्न कुठून आलं?" तिथं भल्याभल्यांची गाडी अडते.

या लॅबमधून मी पास होऊन बाहेर पडले, नंतर दोन बॅचच्या पोरापोरींना शिकवतही बसले. त्यावरून एकच सवय लावून घ्या असं सांगते: किटला हात लावण्याआधी उत्तर साधारण किती यायला हवं ते कागदावर काढायचं. चुकीचं रीडिंग मग तुमच्या तुम्हालाच कळतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या सवयीभोवतीच आहेत.

१. आधी सिलॅबस, मग जर्नल

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाचा अभ्यासक्रम असो की ऑटोनॉमस कॉलेजचा, प्रयोगांची यादी सिलॅबसच्या पीडीएफमध्ये दिलेली असते. ती डाउनलोड करा आणि टर्मवर्कला किती मार्क, ओरल की प्रॅक्टिकल-ओरल, आणि किमान किती प्रयोग हवेत, या तीन गोष्टींवर खूण करा. सिनिअरचं जर्नल जुन्या सिलॅबसचं असू शकतं. नाव तेच, पण निम्मे प्रयोग बदललेले.

साधारण सगळीकडे भेटणारे प्रयोग असे: पाथ लॉस (वाटेत सिग्नल किती कमी होतो) मोजणं, सेल्युलर रीयूज आणि अर्लांग (कॉलच्या ट्रॅफिकचं माप), फेडिंगमधला (सिग्नल वर-खाली होत असतानाचा) बिट एरर रेट, म्हणजे चुकणाऱ्या बिटांचं प्रमाण, सीडीएमएचे (एकाच फ्रिक्वेन्सीवर वेगवेगळ्या कोडनं अनेक कॉल) कोड, जीएसएम मॉड्युल आणि एटी कमांड (मॉड्युलला द्यायच्या टाइप केलेल्या आज्ञा), ब्लूटूथ किंवा झिगबी, शिवाय एखादा एसडीआरचा (सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या रेडिओचा) प्रयोग. क्रम कॉलेजप्रमाणे वेगळा असेल.

२. बॅगेत काय हवं

- आयकार्ड. कित्येक ठिकाणी किट आयकार्ड ठेवूनच मिळतं.
- रफ वही. सुटे कागद नकोत, ते हरवतात आणि सरांची सही त्यांच्याबरोबर जाते.
- सायंटिफिक कॅल्क्युलेटर. लॅबमध्ये मोबाइलवर हिशेब करू देतीलच असं नाही.
- सेमीलॉग ग्राफ पेपर. कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे सबमिशनच्या आठवड्यात संपलेला असतो. आत्ताच घेऊन ठेवा.
- पेनड्राइव्ह, स्वतःच्या नावाचं फोल्डर करून.
- जीएसएमच्या प्रयोगासाठी चालू सिम. याच्यावर खाली सविस्तर लिहिलंय, ते वाचल्याशिवाय सिम विकत घेऊ नका.

जर्नलसाठी कव्हर, इंडेक्स आणि सर्टिफिकेटचं पान लागतं. ते डिपार्टमेंटच्या नमुन्यातच हवं, म्हणून आधी नोटीस बोर्ड बघा.

स्वतःचं मॉड्युल घ्यायचं असेल तर साध्या वस्तू सोलापुरात मिळतात. एखादं नेमकं मॉड्युल हवं असेल तर ऑनलाइन मागवा, नाहीतर हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाणाऱ्या कुणाला तरी बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून आणायला सांगा.

३. डीबी आणि डीबीएम तोंडपाठ करा

एक मिलिवॅट म्हणजे ० डीबीएम. पॉवर दुप्पट झाली की ३ डीबी वाढतात, दहापट झाली की १०. म्हणजे १०० मिलिवॅट म्हणजे २० डीबीएम, आणि मायनस ३० डीबीएम म्हणजे एक मायक्रोवॅट. एवढ्यावर निम्मी लॅब निघते.

डीबीएम हे पॉवरचं माप आहे, डीबी हे नुसतं गुणोत्तर. डीबीएममधून डीबी वजा केले तर डीबीएम उरतात, डीबीएममधून डीबीएम वजा केले तर डीबी. दोन डीबीएमची बेरीज मात्र करायची नाही. १० डीबीएम आणि १० डीबीएमचे दोन सिग्नल एकत्र आले तर एकूण १३ होतात, २० नाही. हा प्रश्न ओरलला येतोच.

४. पाथ लॉस: मैदानावरचं प्रॅक्टिकल

हा प्रयोग सगळ्यात सोपा समजला जातो, आणि सगळ्यात जास्त रीडिंग इथंच बनवली जातात. नीट केला तर ओरलचा अर्धा भाग याच्यावरच निघतो.

आधी कागद. मोकळ्या जागेतला लॉस काढायचं सूत्र:

पाथ लॉस (डीबी) = ३२.४४ + २० लॉग (फ्रिक्वेन्सी, मेगाहर्ट्झ) + २० लॉग (अंतर, किलोमीटर)

वायफायच्या ६ नंबर चॅनेलचा मध्य २४३७ मेगाहर्ट्झवर आहे. एक मीटरला लॉस येतो साधारण ४०.२ डीबी, १०० मीटरला ८०.२. अंतर दुप्पट केलं की दर वेळी ६ डीबी वाढतात. मीटर किलोमीटरमध्ये न बदलता घातले की उत्तर थेट ६० डीबीनं चुकतं. १०० मीटरला १४० डीबी लॉस दिसला की समजा, हेच झालंय.

आता मैदान. किट नसेल तर दोन मोबाइल पुरतात. एकाचा हॉटस्पॉट चालू करा आणि सेटिंगमध्ये बँड २.४ गिगाहर्ट्झ ठेवा. ५ गिगाहर्ट्झवर राहिला तर लॉस साडेसहा ते साडेसात डीबीनं जास्त येईल आणि तुमचं गणित जुळणार नाही. दुसऱ्या मोबाइलवर सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दाखवणारं वायफाय अ‍ॅनालायझर ॲप टाका. सिव्हिलच्या सर्व्हेइंग लॅबमधून तीस मीटरची टेप मागून आणा. लॅब अटेंडंट मामांना आधी सांगून ठेवलं तर लगेच देतात. खडूनं १, २, ४, ८, १६ आणि जमलं तर ३२ मीटरवर खुणा करा. अंतर दुप्पट-दुप्पट घेतलं की लॉग ग्राफवर बिंदू समान अंतरावर पडतात आणि रेषा काढणं सोपं जातं. पाच-पाच मीटरच्या खुणा घेतल्या की सगळे बिंदू ग्राफच्या एका कोपऱ्यात गर्दी करतात.

दोन्ही मोबाइल स्टुलावर ठेवा, हातात नको. तुमचं शरीर मध्ये आलं तर रीडिंग कित्येक डीबीनं पडतं. खरा सापळा मात्र पुढंच आहे. अँड्रॉइड ९ पासून पुढच्या फोनमध्ये ॲपला दोन मिनिटांत चारच वेळा वायफाय स्कॅन करता येतं. तुम्ही आठ मीटरवरून सोळा मीटरवर जाता, स्क्रीनवर आकडा तोच राहतो, आणि तोच तुम्ही लिहून घेता. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये वायफाय स्कॅन थ्रॉटलिंगचं बटण असतं, ते बंद करा. ते सापडलं नाही तर प्रत्येक खुणेवर आकडा बदलेपर्यंत उभं राहा.

२.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर. म्हणून मोबाइल सहा सेंटिमीटर इकडंतिकडं सरकवला तरी आकडा पाच-सात डीबीनं उडू शकतो. मोबाइल बिघडलेला नाही, फेडिंग म्हणतात ते हेच. प्रत्येक खुणेवर मोबाइल थोडा थोडा सरकवत दहा रीडिंग घ्या आणि सरासरी काढा. काटेकोर बोलायचं तर सरासरी मिलिवॅटमध्ये काढायला हवी, डीबीएममध्ये नाही. जर्नलमध्ये डीबीएमची सरासरी चालते, पण फरक विचारला तर सांगता आला पाहिजे.

पाथ लॉस एक्स्पोनंट, म्हणजे एन (अंतराबरोबर लॉस किती वेगानं वाढतो), असा काढा: समजा १ मीटरला मायनस ३८ आणि १६ मीटरला मायनस ६८ आलं. फरक ३० डीबी. १६ चा लॉग गुणिले १० म्हणजे १२.०४. तीसला त्यानं भागलं की एन जवळजवळ २.५. मोकळ्या जागेत एन २ असतो, शहरी भागात पुस्तकं २.७ ते ३.५ देतात. फक्त दोन बिंदूंवर भिस्त ठेवू नका, सगळ्या बिंदूंमधून रेषा काढून तिचा उतार घ्या.

कॉरिडॉरमध्ये हाच प्रयोग केला तर एन दोनपेक्षा कमी, १.६ ते १.८ च्या आसपास येऊ शकतो. घाबरून आकडे बदलू नका. भिंतींवरून परावर्तित झालेला सिग्नल तुमच्याकडेच येत असतो, म्हणून लॉस कमी होतो. उलट अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या पत्र्याच्या यंत्रमाग शेडमध्ये, मागांच्या रांगांआड मोबाइल ठेवला तर एन बराच वर जाईल. दोन जागांची तुलना जर्नलमध्ये असली की सर दोन मिनिटं जास्त थांबून वाचतात.

प्रयोग सकाळी उरका. एप्रिलमधल्या सोलापुरात अकरानंतर मैदानावर स्क्रीनही दिसत नाही आणि मोबाइल तापून हॉटस्पॉट बंद करतो.

हाता मॉडेलवरही (शहरातल्या पाथ लॉसचा अंदाज काढायचं सूत्र) प्रश्न येतो. त्याच्या मर्यादा पाठ करा: १५० ते १५०० मेगाहर्ट्झ, बेस स्टेशनची उंची ३० ते २०० मीटर, मोबाइलची १ ते १०, अंतर १ ते २० किलोमीटर. १८०० मेगाहर्ट्झला हाता लावलं की एक्स्टर्नल लगेच पकडतात. तिथं त्याचंच वाढवलेलं रूप, कॉस्ट-२३१, वापरायचं.

५. सेल आणि अर्लांग: छोटा प्रयोग, पक्के मार्क

क्लस्टर साइज, म्हणजे सगळे चॅनेल आपसात वाटून घेणाऱ्या सेलची संख्या, एन = आय वर्ग + आय जे + जे वर्ग (आय आणि जे पूर्णांक). म्हणून ३, ४, ७, १२ चालतात, ५ चालत नाही. (हा एन वेगळा, पाथ लॉसचा वेगळा. जर्नलमध्ये एकाच पानावर दोन्ही आले तर गोंधळ उडतो.) सातच्या क्लस्टरला, एक्स्पोनंट ४ धरून आणि सहा इंटरफेरर घेऊन, सिग्नल टू इंटरफेरन्स १८.७ डीबी येतं. तीनच्या क्लस्टरला ११.३. प्रोग्रामनं वेगळं दिलं तर प्रोग्राम तपासा.

अर्लांग बी (किती ट्रॅफिकला किती कॉल अडतील हे सांगणारं सूत्र) साठी एक उदाहरण लक्षात ठेवा: दहा चॅनेल, दोन टक्के ब्लॉकिंग, तर ट्रॅफिक ५.०८ अर्लांग. एक माणूस तासाला तीन-तीन मिनिटांचे दोन कॉल करतो म्हणजे ०.१ अर्लांग. मग दहा चॅनेलवर पन्नास माणसं बसतात. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला होम मैदानावर रेंजच्या काड्या पूर्ण दिसतात आणि कॉल मात्र लागत नाही, तेव्हा हीच दोन टक्क्यांची मर्यादा कधीच ओलांडलेली असते. ओरलला ब्लॉकिंग समजावताना हे उदाहरण द्या, व्याख्या पाठ करण्यापेक्षा बरं.

६. बिट एरर रेटचं सिम्युलेशन

मॅटलॅब असेल तर उत्तम, नसेल तर घरी ऑक्टेव्ह किंवा सायलॅब फुकट आहे. ऑक्टेव्हमध्ये कम्युनिकेशन्स पॅकेज आधी लोड करावं लागतं, नाहीतर नॉइज मिसळणारं फंक्शन सापडत नाही अशी एरर येते आणि पोरं तासभर स्पेलिंग तपासत बसतात.

पुन्हा आधी कागद. बीपीएसकेसाठी (एका सिम्बॉलमध्ये एक बिट) ही थिअरीची उत्तरं वहीत लिहून ठेवा; डीबी आहेत ईबी बाय एन-झीरोचे, म्हणजे एका बिटाची ऊर्जा भागिले नॉइजची घनता:

- ० डीबीला ०.०७८६
- ४ डीबीला ०.०१२५
- ८ डीबीला साधारण ०.०००१९
- ९.६ डीबीला एक लाखात एक

तुमचा वक्र यांच्यावरून गेला पाहिजे. बरोबर ३ डीबी उजवीकडं सरकला असेल तर कारण जवळपास नक्की सांगते: नॉइजचा व्हेरियन्स एन-झीरो घेतलाय, तो एन-झीरोच्या निम्मा हवा. क्यूपीएसकेला वक्र ३ डीबीनं चुकला तर ईबी बाय एन-झीरो आणि एसएनआर (सिग्नल भागिले नॉइज) यांची गल्लत झालीय. एका सिम्बॉलमध्ये दोन बिट असतात, म्हणून एसएनआर ३ डीबीनं जास्त घ्यायला हवा.

वक्राचं शेपूट दातेरी दिसतंय? बिट कमी पडले. ८ डीबीला दहा हजार बिट पाठवले तर चूक जेमतेम दोन निघतात, त्यावर कसला भरवसा ठेवणार? दहा लाख बिट घ्या, एकशे नव्वदच्या आसपास चुका मिळतील. एकेक बिटाचा लूप लावला तर लॅबमधला जुना पीसी वीज जाईपर्यंत फिरत राहील, म्हणून पूर्ण ॲरेवर एकदम काम करा. आणि दर पाच मिनिटांनी सेव्ह. उन्हाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही.

रेली फेडिंग मिसळलं की चित्र पार बदलतं. १० डीबीला साध्या नॉइजमध्ये दहा लाख बिटांत चारच चुकतात. फेडिंगमध्ये त्याच १० डीबीला दर त्रेचाळीस बिटांत एक चुकतो. ग्राफवर एक वक्र धबकन खाली जातो, दुसरा तिरका सरळ उतरत राहतो. दोन्ही एकाच ग्राफवर काढा, वाय अक्ष लॉगमध्ये. साध्या अक्षावर काढलेला ग्राफ सर परत देतात, आणि बरोबरच आहे, त्यात काही दिसतच नाही.

७. जीएसएम मॉड्युल: सिम घेण्याआधी वाचा

लॅबमधली सिम९००ए, सिम८०० ही मॉड्युल टूजीची आहेत. जिओचं नेटवर्क टूजी देतच नाही, त्यामुळे जिओचं सिम त्यात कितीही वेळा काढून घातलं तरी चालणार नाही. निम्म्या बॅचकडे जिओच असतं आणि प्रॅक्टिकलच्या दिवशी धावपळ होते. टूजी चालू असलेल्या कंपनीचं सिम घ्या, साध्या बटणाच्या फोनमध्ये घालून कॉल आणि मेसेज जातो का ते आदल्या दिवशी बघा. सिमला पिन लावलेला असेल तर काढा. नॅनो सिम मोठ्या खाचेत घालताना अडॅप्टर नीट बसवा. सैल अडॅप्टर आत अडकला की खाचेच्या पिना वाकतात, मग मामांची बोलणी खावी लागतात.

मग पॉवर. मॉड्युल सिग्नल पाठवताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत करंट खेचतं. लॅपटॉपच्या यूएसबीवर किंवा आर्डुइनोच्या पाच व्होल्टच्या पिनवर ते चालू झाल्यासारखं दिसतं आणि नेटवर्क पकडताना रीसेट होतं. वेगळा दोन अँपिअरचा सप्लाय द्या आणि ग्राउंड एकत्र जोडा. सिम८००एल असेल तर पाच व्होल्ट थेट देऊ नका, त्याला साधारण ४ व्होल्ट लागतात.

एलईडी बघा. सेकंदाला एकदा लुकलुकला तर नेटवर्क शोधतोय. तीन सेकंदांनी एकदा लुकलुकला तर पकडलं. मगच कमांड द्या, या क्रमानं:

- एटी. उत्तर ओके. ते येत नसेल तर बॉड रेट (डेटा पाठवण्याचा वेग) आणि टीएक्स-आरएक्सच्या (पाठवायची आणि घ्यायची पिन) वायरी तपासा; एकाचा टीएक्स दुसऱ्याच्या आरएक्सला.
- एटी+सीआरईजी? उत्तरात ०,१ म्हणजे घरच्या नेटवर्कवर, ०,५ म्हणजे रोमिंग, ०,२ म्हणजे अजून शोधतोय.
- एटी+सीएसक्यू. आलेल्या पहिल्या आकड्याची दुप्पट करून त्यात मायनस ११३ मिळवा, डीबीएम मिळतात. १५ आलं तर मायनस ८३. ९९ म्हणजे माहिती नाही.
- एटी+सीएमजीएफ=१, मग एटी+सीएमजीएस आणि नंबर. मजकूर लिहून कंट्रोल-झेड. एंटर दाबत बसलात तर मेसेज जात नाही, नुसती नवी ओळ येते.

जीएसएमचे आकडे इथंच पाठ करून टाका: अपलिंक (मोबाइलकडून टॉवरकडे) ८९० ते ९१५, डाउनलिंक (टॉवरकडून मोबाइलकडे) ९३५ ते ९६० मेगाहर्ट्झ, कॅरिअर २०० किलोहर्ट्झचा, एका फ्रेममध्ये आठ स्लॉट, फ्रेम ४.६१५ मिलिसेकंदांची. अपलिंक खालच्या फ्रिक्वेन्सीला का? मोबाइलची बॅटरी छोटी, आणि खालच्या फ्रिक्वेन्सीला लॉस कमी. पाथ लॉसचं सूत्र पुन्हा इथं कामाला आलं.

८. एसडीआर आणि स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर

आरटीएल-एसडीआरचा डोंगल असेल तर आधी आकाशवाणी सोलापूरचं एफएम पकडा. बँड ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ, १०० मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबीचा अँटेना ७५ सेंटिमीटर. डोंगलसोबतची काडी पूर्ण लांब करा आणि खिडकीत ठेवा, स्लॅबखाली आवाज खरखरतो. विंडोजवर ड्रायव्हर बदलावा लागतो. तो बदलताना यादीतून चुकून माउस किंवा कीबोर्ड निवडू नका.

हा डोंगल फक्त ऐकतो. लॅबमध्ये पाठवणारा एसडीआर असेल तर सरांना विचारल्याशिवाय ट्रान्समिट करू नका. लायसन्सशिवाय वापरता येतात ते ठरावीक बँड, २.४ गिगाहर्ट्झसारखे, तेही ठरलेल्या पॉवरच्या आत. मोबाइल किंवा एफएमच्या बँडमध्ये सिग्नल सोडणं गुन्हा आहे. प्रयोग केबल आणि अ‍ॅटेन्युएटर लावून करा.

स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरबद्दल एवढंच: कनेक्टरजवळ छापलेली कमाल पॉवर वाचा, आणि अंदाज नसेल तेव्हा अ‍ॅटेन्युएटर आधी लावा. हे लॅबमधलं बहुधा सगळ्यात महागडं यंत्र असतं.

९. सबमिशन आणि ओरल

रफ वहीतल्या रीडिंगवर त्याच दिवशी सही घ्या. महिन्यानं सर विचारतात, "तू त्या दिवशी होतास का?" आणि उत्तर द्यायला कागद नसतो. प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी अपेक्षित आकडा, आलेला आकडा आणि फरकाचं कारण, अशा तीन ओळी लिहा. "हेन्स व्हेरिफाइड" लिहून मोकळं होऊ नका.

ओरलला ग्रुपनं जाणार असाल तर आदल्या दिवशी एकमेकांना विचारा: वायफायचे १, ६, ११ चॅनेलच एकमेकांत का मिसळत नाहीत (शेजारच्या चॅनेलचे मध्य ५-५ मेगाहर्ट्झच्या अंतरावर, रुंदी मात्र २० ते २२), सीडीएमएमध्ये निअर-फार प्रॉब्लेम म्हणजे काय, हॅंडऑफ कधी होतो, सेल षटकोनीच का काढतात. पार्टनर घरी तेलुगू किंवा कन्नड बोलत असेल तर त्याच भाषेत समजावून सांगा, उत्तर डोक्यात पक्कं बसतं. एक्स्टर्नल इंग्रजीत विचारतील, पण अडलात तर मराठीत सांगू का असं विचारायला हरकत नसते.

ओरलच्या दिवशी हॉल तिकीट, आयकार्ड आणि सर्टिफिकेटवर एचओडींची सही झालेलं जर्नल सोबत हवं. ती सही आदल्या आठवड्यातच उरका, शेवटच्या दिवशी केबिनबाहेर तीन बॅचची रांग असते.